सीपॅप मशीन रात्री अडले तर

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या रात्री पावणेतीन वाजता माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, मशीन मेलं. आता मी झोपू की बसून राहू?"

भाऊजी निवृत्त बसचालक. तीस वर्षे त्यांनी रात्रीच्या गाड्या चालवल्या. त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे हे नोकरीच्या शेवटी शेवटी कळले. तेव्हापासून ते सीपॅप लावून झोपतात. त्या दिवशी त्यांच्या नागपूरच्या घरी बाहेरगावचे चौदा पाहुणे मुक्कामी होते. खोलीभर गाद्या अंथरलेल्या, आणि एकाच बोर्डावर सहा-सात मोबाइल चार्जिंगला.

"आधी मास्क काढा आणि उठून बसा," मी म्हटले. "स्क्रीनवर उजेड आहे का?"

"नाही."

"भिंतीतल्या प्लगला काय लावलंय ते बघा."

तिकडून थोडी खुडबूड ऐकू आली आणि मग भाऊजींचे हसणे. कोणाच्या तरी मोबाइलसाठी मशीनचा प्लग काढला होता आणि परत बसवताना अर्धाच बसवला होता. मशीन मेलेले नव्हते. पण सकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मास्कवर जे दिसले त्याने माझ्या पोटात गोळा आला. ते पुढे सांगते, कारण हा लेख लिहायला बसले ते मुख्यतः त्यासाठीच.

मी इंजिनिअर नाही. सरकारी रुग्णालयात परिचारिका होते आणि शेवटची काही वर्षे छातीच्या वॉर्डात काढली. विहारातल्या आरोग्य शिबिरात आता दरवेळी दोन-तीन जण तरी सीपॅपबद्दल विचारतात. मशीन घरी आले की विक्रेता पंधरा मिनिटांत सगळे सांगून निघून जातो. माहितीपुस्तिका इंग्रजीत असते आणि ती खोक्यातच राहते. पुढे काही अडले की माणूस मशीन कपाटात ठेवतो आणि पुन्हा घोरत झोपू लागतो. पैसे गेले ते गेलेच, आजारही जागच्या जागी.

मशीन नेमके काय करते

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा श्वासमार्ग त्यामुळे मिटतो, हवा अडते, रक्तातला ऑक्सिजन घटतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागे करतो आणि श्वास सुटतो. रात्रभर हे चालू राहते, सकाळी माणसाला आठवत काहीच नाही. दिवसा मात्र बसल्या जागी डोळा लागतो. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याच्यासाठी हा प्रश्न फक्त घोरण्याचा राहत नाही.

सीपॅप खोलीतलीच हवा आत ओढते आणि थोड्या दाबाने नाकातोंडात सोडते. तो दाब घशाचा मार्ग आतून उघडा धरून ठेवतो. मशीन इतकेच करते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरलेली होती. आजच्या मशीनचे पोटही तसेच साधे आहे: एक पंखा, एक फिल्टर, पाण्याची टाकी, नळी आणि मास्क. यात ऑक्सिजनचे सिलिंडर नसते आणि मशीन ऑक्सिजन तयारही करत नाही. "मशीनमधला ऑक्सिजन संपला असेल" असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे, संपण्यासारखे त्यात काही नाही.

दाब मोजतात तो सेंटिमीटर पाण्यात. बहुतेक मशीन ४ ते २० पर्यंत दाब देतात. बादलीत दहा सेंटिमीटर खोल बोट बुडवले की त्या खोलीवर पाण्याचा जितका दाब असतो तितका म्हणजे १० चा दाब. हा दाब फार नाही. म्हणूनच वाटेत गळती वाढली तर तो घशापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. घरच्या तक्रारींतल्या बहुतेक या गळतीशीच येऊन थांबतात.

स्क्रीन काळी, किंवा स्क्रीन चालू पण हवा नाही

स्क्रीन काळी असेल तर भिंतीपासून सुरुवात करा आणि मशीनच्या दिशेने या. त्याच प्लगला मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का ते पाहा. मग अॅडॉप्टर पाहा. बऱ्याच अॅडॉप्टरवर बारीक दिवा असतो. अॅडॉप्टरची भिंतीकडची वायर बहुधा वेगळी निघते. ती ओढली गेली की सैल होते आणि वरून कळत नाही. ती दाबून बसवा. शेवटी मशीनच्या मागची पिन पाहा. एवढे करूनही उजेड आला नाही तर अॅडॉप्टर गेलेला असण्याचा संभव असतो, मशीन नव्हे. पण शेजारच्या कोणाचा लॅपटॉपचा अॅडॉप्टर लावून बघू नका. पिन बसली म्हणजे व्होल्ट जुळले असे होत नाही. जुन्या अॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपियर कागदावर उतरवा आणि त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा मागवा.

स्क्रीन उजळते पण हवा येत नाही, असेही होते. अनेक मशीन श्वासाने आपोआप चालू होतात. ती सोय सेटिंगमधून बंद झाली असेल, किंवा मास्क इतका सैल असेल की मशीनला श्वास कळतच नाही, तर मशीन गप्प बसते. अशा वेळी चालू करायचे बटण हाताने दाबा.

आणि "हवा फार कमी येते" ही तक्रार. माझ्या अनुभवात ती सगळ्यांत जास्त येते. निम्म्या वेळी तो बिघाड नसतोच. मशीनला रॅम्प नावाची सोय असते: आपण झोपी जाईपर्यंत दाब कमी ठेवायचा आणि मग हळूहळू वाढवायचा. रॅम्प पाऊण तासाचा लावलेला असेल तर पहिली पंधरा मिनिटे हवा मंदच वाटणार. दुसरे कारण अगदी साधे आहे. पहिल्या आठवड्यात जो वारा अंगावर येतो तोच तिसऱ्या महिन्यात जाणवेनासा होतो, कारण शरीराला सवय झालेली असते. सकाळी स्क्रीनवर आदल्या रात्रीचे आकडे येतात. त्यात तासाला किती वेळा श्वास अडला तो आकडा असतो, ए.एच.आय. या नावाने. तो साधारण पाचच्या खाली असेल आणि दिवसा झोप येत नसेल, तर मशीन आपले काम करते आहे. कानाला काय वाटते त्यापेक्षा हा आकडा बघा.

गळती शोधायची कशी

मास्क नळीपासून वेगळा करा. मशीन चालू करा आणि नळीचे मोकळे तोंड तळहाताने घट्ट बंद करा. हवा कोंडली की मोटरचा आवाज बदलतो आणि सगळीकडे शांत होते. तरीही कुठून सूंऽऽ असा आवाज येत असेल तर गळती मास्कमध्ये नाही, तिच्या अलीकडे आहे. दुसऱ्या कोणाला ओला हात नळीवरून हळूहळू फिरवायला सांगा. ओल्या कातडीला बारीक झुळूकही लगेच कळते. नळी बहुधा दोन टोकांना, जाड रबरी कडेच्या लगेच पुढे फाटते, कारण रात्री कूस बदलताना ती तिथेच वाकते. पाण्याच्या टाकीचे झाकण आणि त्याची रबरी कडाही पाहा. टाकी धुऊन परत बसवताना ती कडा दुमडते आणि हवा तिथून निसटते.

भाऊजींच्याच मशीनची ही गोष्ट. आदल्या महिन्यात त्यांनी विक्रेत्याला फोन करून "वारा कमी येतो" असे सांगितले होते. त्याने मशीन न बघताच "मोटर गेली, अठरा हजार लागतील" असे सांगून टाकले. निवृत्तिवेतनातून अठरा हजार काढायचे म्हणजे काय ते आपल्या घरांत सांगायला नको. मी वर सांगितलेली तळहाताची परीक्षा केली. मशीनपासून चार बोटांवर नळीला नखाएवढी चीर होती. नवी नळी लावली आणि ए.एच.आय. दुसऱ्या रात्री खाली आला. चिकटपट्टी एका रात्रीपुरती चालते, कायमची नाही, ती ओलाव्याने सुटते.

नळी शांत असेल तर गळती मास्कमध्ये आहे. इथे बहुतेक जण पहिली चूक करतात ती पट्टे आवळण्याची. मास्कची कडा मऊ सिलिकॉनची असते, हवेने थोडी फुगून ती चेहऱ्यावर बसते. पट्टा फार आवळला की ती चपटी होते आणि उलट जास्त गळते. वर नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतो, काहींना जखमही होते. पट्टे सैल करा, आडवे व्हा, मशीन चालू करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून परत टेकवा आणि मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, लागतील तेवढेच ओढा. हे सगळे झोपलेल्या अवस्थेतच करायचे. बसलेल्या माणसाचा चेहरा आणि झोपलेल्या माणसाचा चेहरा सारखा नसतो, गाल खाली ओघळतात.

चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉन निसरडे आणि कालांतराने ताठ होते. झोपण्यापूर्वी तोंड धुवा, मास्क लावायच्या जागी क्रीम किंवा खोबरेल तेल लावू नका. रोज सकाळी मास्कची कडा ओल्या फडक्याने पुसा. आठवड्यातून एकदा मास्क, नळी आणि टाकी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. उकळते पाणी, कडक ऊन, डेटॉल, फिनाईल यांतले काहीही नको. त्या वासातून रात्रभर श्वास तुम्हालाच घ्यायचा आहे. गड्यांची वाढलेली दाढीही गळतीचे कारण असते, हे सांगितले की काही जण रागावतात, पण खरे आहे.

सकाळी तोंडाला कोरड पडत असेल आणि मास्क फक्त नाकाचा असेल, तर झोपेत तोंड उघडत असावे. नाकातून आत गेलेली हवा तोंडातून निघून जाते. नाक चोंदलेले आहे का ते आधी पाहा. चोंदलेल्या नाकावर नाकाचा मास्क चालणार नाही. हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

त्या छिद्रांना हात लावू नका

आता त्या सकाळची गोष्ट. मी भाऊजींचा मास्क हातात घेतला तर पुढच्या बाजूला, जिथे बारीक छिद्रांची चकती असते, तिथे औषधाच्या दुकानात मिळते ती चिकटपट्टी दोन पदरी लावलेली. पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "काकू, तिथून सारखी हवा बाहेर जात होती. पाहुण्यांना आवाजाने झोप येत नव्हती, म्हणून बंद केली."

मुलगा हुशार आहे, पॉलिटेक्निकला शिकतो. गळती दिसली, त्याने बुजवली. पण ती गळती नव्हती. ती छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. सीपॅपला जाण्यायेण्याची नळी एकच. आपण सोडलेला श्वास, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, त्या छिद्रांतून बाहेर पडतो. मशीन सतत ताजी हवा ढकलत असते, म्हणून जुनी हवा तिथून निघून जाते. छिद्रे बुजवली की तोच श्वास नळीत साचतो आणि पुन्हा छातीत जातो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की डोके जड होते, गुंगी येते, माणूस गोंधळतो, आणि पुढे जिवावर बेततेही. गुंगीत असलेल्या माणसाला मास्क काढायचे सुचत नाही, हे त्यातले सर्वांत वाईट. भाऊजींचे नशीब म्हणजे पट्टी लावल्यावर थोड्याच वेळात प्लग निघाला, मशीन थांबले आणि ते जागे झाले.

म्हणून घरातल्या सगळ्यांना, पोरांनाही, ही जागा बोट ठेवून दाखवा. काही मास्कमध्ये छिद्रे कपाळाच्या बाजूला असतात, काहींत नळी जोडायच्या कोपऱ्यात. मशीन चालू असताना तिथून हवा आलीच पाहिजे. येत नसेल तर मास्क वापरू नका. घाणीने बुजली असतील तर मऊ ब्रशने धुवा. गोधडी किंवा उशी त्यांच्यावर येऊ देऊ नका.

याच्याच जोडीची दुसरी चूक बाजारात होते. रुग्णालयातल्या व्हेंटिलेटरसाठी छिद्र नसलेले मास्क मिळतात. दिसायला अगदी तसेच, कोपऱ्याचा भाग बहुधा निळ्या रंगाचा. ते कधी स्वस्तात मिळतात, कधी दवाखान्यातून कोणी आणून देते. घरच्या साध्या सीपॅपला तो मास्क जोडायचा नाही. घेताना दुकानदाराला विचारा, "हा व्हेंटेड आहे ना?" आणि स्वतः छिद्रे शोधा.

वीज गेली तर? पंखा थांबतो आणि ताजी हवा येणे बंद होते. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये एक झडप असते, ती अशा वेळी उघडून खोलीतली हवा आत घेते. तीही धुताना तपासा, फाटलेली किंवा चिकटलेली नको. तरी नियम सोपा ठेवा: मशीन बंद, मास्क चेहऱ्यावरून बाजूला. ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, उदाहरणार्थ अर्धांगवायूचे रुग्ण, त्यांच्या खोलीत रात्री कोणीतरी असायलाच हवे.

मास्कबद्दल आणखी एक. काही मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असतो. मास्क वापरणाऱ्याच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारून बिनचुंबकाचा मास्क घ्या.

पाणी

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे, औषधाच्या दुकानात मिळते ते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की महिनाभरात टाकीच्या तळाला पांढरा थर बसतो, तळ नीट तापत नाही आणि थरात जंतू राहतात. पाणी उकळले की जंतू मरतात, क्षार जात नाहीत. काही घरांत इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी घालतात, "तेही डिस्टिल्डच" म्हणून. ते पाणी बॅटरीसाठी भरलेले असते, माणसाच्या छातीसाठी नाही, आणि तशाच कॅनमध्ये बॅटरीचे आम्लही विकले जाते. तो धोका पत्करू नका. एखाद्या रात्री पाणी नसेल तर टाकी रिकामी ठेवून आर्द्रता बंद करून मशीन चालवा. नाक थोडे कोरडे पडेल, बाकी काही होत नाही. थर बसलाच असेल तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण टाकीत अर्धा तास ठेवून मग स्वच्छ धुवा.

उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाका. आणि पाणी भरलेली टाकी आत असताना मशीन उचलू नका, तिरके करू नका. पाणी मोटरमध्ये गेले की मग खरोखरच मोटर जाते. सहा डिसेंबरला रेल्वेने मुंबईला निघणाऱ्यांनी मशीन पिशवीत घालण्याआधी टाकी काढून कोरडी करावी. मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एकांचे मशीन याच कारणाने बंद पडले.

नळीत गुडगुड आवाज आणि तोंडावर पाण्याचे थेंब, ही तक्रार उन्हाळ्यात कूलर लागला की सुरू होते. कूलर खोली गार करतो आणि दमटही. मशीनमधून निघालेली उबदार ओली हवा गार नळीतून जाताना तिचे पाणी होते, थंड पाण्याच्या लोट्याला बाहेरून घाम फुटतो तसेच. आर्द्रतेचा आकडा एक-दोन घरांनी कमी करा, कूलरची झोत नळीवर येऊ देऊ नका, नळीला सुती कापडाची खोळ घाला आणि मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, म्हणजे जमलेले पाणी चेहऱ्याकडे न येता मागे जाईल. मात्र थेट फरशीवर नको, तिथे धूळ आणि झुरळे दोन्ही असतात. पाट किंवा छोटे स्टूल पुरे.

फिल्टर, आवाज, वीज

मशीनच्या मागे किंवा बाजूला फिल्टर असतो. पांढरा कागदी फिल्टर धुवायचा नसतो, काळपट झाला की बदलायचा, आपल्याकडच्या धुळीत महिन्याभरात होतोच. काळा स्पंजचा असेल तर तो धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. फिल्टर काढून मशीन चालवू नका, एक रात्रही नाही. खोलीत मच्छर अगरबत्ती, कॉइल, धूप जळत असेल तर मशीन तो धूर ओढून थेट तुमच्या घशात देते. मच्छरदाणी लावा.

शिट्टीसारखा आवाज बहुधा गळतीचा किंवा बुजलेल्या फिल्टरचा. जात्यासारखी घरघर मोटरमधून येत असेल तर ते घरी दुरुस्त होणारे नाही. जळका वास, अॅडॉप्टर हात न लावता येण्याइतका गरम, ठिणगी, मशीनमधून काळे कण येणे: यांतले काहीही दिसले की प्लग काढा आणि तपासून घेईपर्यंत ते मशीन पुन्हा लावू नका. स्क्रीनवर मोटरचे आयुष्य संपल्याची सूचना आली तर मात्र घाबरायचे कारण नाही. तेवढे तास मोटर चालली आहे एवढाच त्याचा अर्थ, मशीन त्या रात्री बंद पडणार असा नव्हे. पण विक्रेत्याला कळवा आणि डॉक्टरांना दाखवा.

काळ्या कणांवरून आठवले. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो सीपॅप व बायपॅप मशीन जगभरातून परत मागवली. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला स्पंज काही मशीनमध्ये झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येण्याचा धोका होता. ओझोन वायूने साफ करणाऱ्या पेट्यांमुळे तो स्पंज अधिक खराब होऊ शकतो असेही कंपनीने सांगितले होते. त्या काळातली जुनी मशीन आजही हातोहात विकली जातात. कोणी सेकंडहँड मशीन देऊ करत असेल तर आधी मॉडेल आणि सिरियल नंबर घेऊन तो परत मागवलेल्यांत आहे का ते कंपनीकडून तपासून घ्या. आणि ओझोनची पेटी कोणत्याही मशीनला नको, साबण-पाणी पुरते.

विजेचे थोडक्यात सांगते. अॅडॉप्टरवर १००–२४० व्होल्ट असे लिहिले असेल तर किरकोळ चढउतार तो सोसतो. कडकडाट सुरू झाला की प्लग काढा. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का ते विचारून घ्या. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर काही अॅडॉप्टर गुणगुणतात आणि तापतात. इन्व्हर्टरवर चालवताना आर्द्रता आणि तापणारी नळी बंद करा. सगळ्यांत जास्त वीज पाणी तापवायलाच लागते, पंख्याला फार थोडी.

मशीन चालतच नसेल ती रात्र

फक्त झोपेत श्वास अडकण्याचा आजार असलेला माणूस एक-दोन रात्री मशीनशिवाय काढू शकतो. कुशीवर झोपा, पाठीमागे तक्क्या लावा म्हणजे उताणे व्हाल तर जाग येईल. डोक्याकडची बाजू उंच करा. त्या रात्री दारू नाही, झोपेची गोळी नाही, गुंगी आणणारे खोकल्याचे औषधही नाही, ही तिन्ही घशाचे स्नायू आणखी सैल करतात किंवा जाग येऊ देत नाहीत. दुसऱ्या दिवशी डोळे जड असतील तर गाडी, रिक्षा, मोटरसायकल काहीच चालवायचे नाही. भाऊजी हे आता सगळ्यांना सांगत असतात. नोकरीत असताना दोनदा गाडी रस्त्याखाली उतरताना वाचली होती, हे त्यांनी घरी इतकी वर्षे सांगितले नव्हते.

मात्र ज्यांना बायपॅप दिलेले आहे, मशीनला ऑक्सिजन जोडलेला आहे, हृदय कमजोर आहे, किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांनी एकही रात्र वाट बघू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा किंवा रुग्णालय गाठा. धाप लागणे, ओठ निळे पडणे, छातीत दुखणे, माणूस नीट जागा न होणे किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर मशीनचा विचार सोडा आणि १०८ ला फोन करा.

दाबाचा आकडा स्वतः बदलू नका. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून आतल्या मेनूत शिरणारे पुष्कळ आहेत. तो आकडा औषधाच्या मात्रेसारखा असतो, डॉक्टरांनी तपासणीवरून ठरवलेला. मशीनचे स्क्रू उघडू नका, वॉरंटी जाते आणि आत हात लावण्यासारखे काही नसतेही.

विक्रेत्याला बोलावण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, डॉक्टरांनी दिलेला दाब, गेल्या चार-पाच दिवसांचे ए.एच.आय. आणि गळतीचे आकडे, आणि तुम्ही स्वतः काय काय तपासले. "नळी तळहाताने बंद करून पाहिली, गळती नाही, फिल्टर नवा आहे" असे म्हणणाऱ्याला फोनवर "मोटर गेली" सांगणे अवघड जाते. मशीन दुरुस्तीला देताना लेखी पावती घ्या, तिच्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, बदललेला भाग परत मागा. तेवढ्या दिवसांपुरते दुसरे मशीन भाड्याने मिळेल का ते विचारा, आणि मिळाले तर त्यात तुमचाच दाब लावलेला आहे ना ते पाहून घ्या. वॉरंटीत असूनही टाळाटाळ होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, बिल हाताशी ठेवून फोन करा.

भाऊजींच्या मास्कच्या खोक्यावर पुतण्याने आता स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, "भोके बंद करू नये." आणि मशीनच्या प्लगवर लाल चिंधी बांधली आहे, पाहुण्यांसाठी.